बांधावरची हाक

अनया फ्लोरिडात, सेंट ऑगस्टीनला राहायला गेल्यापासून रवींद्र बोकील एकदाही लेकीकडे गेला नव्हता. कधी पार्सिपनीच्या घराबाहेर बर्फ, कधी ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज, कधी नुसतंच "बघू पुढच्या महिन्यात." अनयाही फार आग्रह करत नसे. पण या मार्चमध्ये तिचा फोन आला तो वेगळ्याच आवाजात.

"बाबा, प्लीज ये. एकच दिवस. आपण गाव चालत बघू. मला तुला काहीतरी ऐकवायचंय."

"फोनवर सांग ना."

"फोनवर नाही सांगता येत."

म्हणून तो गेला.

गाव त्याने आधी एकदा पाहिलं होतं, बायकोबरोबर, नीलांबरीबरोबर. त्या दोघांना खरं तर स्पेनला जायचं होतं. भूमध्य समुद्राकाठचं एखादं जुनं शहर सकाळपासून रात्रीपर्यंत नुसतं चालत बघायचं, अशी नीलांबरीची फार दिवसांची हौस. कोविड आला, विमानं बंद झाली, तिकिटं कॅन्सल केली. वर्षभराने थोडं मोकळं झाल्यावर तीच म्हणाली, "स्पेन राहू द्या. स्पॅनिश लोकांनी वसवलेलं गाव आपल्या इथेच आहे की." दोघं फ्लोरिडाला आली, एका दिवसात गाव पायाखाली घातलं आणि परत गेली. त्यानंतर दीड वर्षाने, ऑक्टोबरात, नीलांबरी वारली. सकाळी छातीत दुखायला लागलं आणि हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

अनया तेव्हा शिकागोत नोकरी करत होती. आई गेल्यावर काही महिन्यांनी ती लाँग वीकेंडला सेंट ऑगस्टीनला गेली, "आईने बघितलेलं बघून येते" म्हणून, आणि परत आलीच नाही. नोकरी सोडली. पर्यटकांना गावातून चालत फिरवून भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या एका छोट्या कंपनीत गाइड झाली. रवींद्रला हे कधीच उमगलं नव्हतं. मित्रांनी विचारलं की तो "टुरिझममध्ये आहे" एवढंच सांगायचा.

सकाळी ती त्याला जुन्या वेशीपाशी घेऊन गेली. दोन दगडी खांब, त्यांच्यामधून आत जाणारी अरुंद गल्ली. ओकच्या फांद्यांवरून राखाडी शेवाळाच्या जटा लोंबत होत्या. गल्लीत फज नावाच्या मिठाईची आणि टोप्यांची दुकानं उघडत होती. रवींद्र नेहमीच्या सवयीने झपाझप निघाला. कोपऱ्यावर पोचून मागे पाहिलं तर अनया अर्ध्या गल्लीत.

"बाबा, आज तरी स्लो चाल ना."

"गाव केवढंसं आहे. बारापर्यंत होईल बघून."

ती तिच्याच चालीने येत राहिली. मग मात्र त्याने तिच्या पावलाशी पाऊल जुळवायचा प्रयत्न केला. ती चांगली गाइड होती. किल्ल्यापाशी तिने त्याचा हात धरून भिंतीवर ठेवला. "बघ, हा दगड म्हणजे नुसते शिंपले. समुद्रात दाबले गेलेले. तोफेचा गोळा आला की भिंत फुटायची नाही, गोळा आत रुतून बसायचा." त्याच्या तळव्याला बारीक शिंपल्यांच्या कडा टोचल्या. नीलांबरीने हा किल्ला आतून पाहिलाच नव्हता, हे त्याला तिथे उभं असताना आठवलं. त्या दिवशी ती दमली होती. किल्ला बंद व्हायची वेळ होत आली होती. "तुम्ही बघून या, मी बसते इथे," असं म्हणून ती समुद्राच्या बांधावर टेकली होती. तो आत जाऊन सगळं बघून आला. ती तिथेच बसली होती, पाय हलवत. मग दोघांनी आइस्क्रीम खाल्लं. एवढंच. त्यात आठवण ठेवण्यासारखं काही नव्हतं.

तरी तो बांधाकडे न बघता किल्ल्याच्या दुसऱ्या बाजूने उतरला.

दुपारी अनयाने त्याला एका छोट्या हॉटेलात तांबडं, शिंपल्यांचं सूप पाजलं. इथल्याच परसात पिकणाऱ्या एका पिवळ्या मिरचीने ते चांगलं झणझणीत झालं होतं. रवींद्रच्या कपाळाला घाम आला. "ही कुठली मिरची गं?"

"डॅटिल. मेनोर्काचे लोक लावतात. स्पेनजवळचं बेट आहे ना, भूमध्य समुद्रात? तिथल्या शेकडो लोकांना अडीचशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाने निळीच्या मळ्यावर आणलं होतं, इथून दक्षिणेला. खूप जण मेले. उरलेले एक दिवस उठले आणि किनाऱ्याकिनाऱ्याने चालत इथे आले. त्यांच्यातल्याच एका आजींकडे आपण आता जातोय."

त्या आजींना गावात सगळे मिस पचेती म्हणत. वय ऐंशीच्या पुढे. पूर्वी त्या स्वतःच भुतांच्या टूर चालवत, गुडघे गेल्यावर मिरचीच्या सॉसचं दुकान सांभाळत बसल्या होत्या. अनयाने ओळख करून दिली. म्हातारीने रवींद्रकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"मुलीने सांगितलंय काही?" तिने इंग्रजीत विचारलं.

"नाही," अनया मध्येच म्हणाली. "तुम्हीच सांगा. टूरवर सांगायचात तसं."

मिस पचेतींनी खुर्ची पुढे ओढली. "बांधावर एक बाई चालते," त्या म्हणाल्या. "मी या गावात जन्मले, इथली सगळी भुतं मला पाठ आहेत. ही त्यांच्यात नव्हती. तीन-चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात सुरू झालं. माझ्या टूरवरच्या एका जोडप्याने पहिल्यांदा ऐकलं. मग कोळंबी पकडणाऱ्यांनी. मग मी. दिसत कुणालाच नाही. संध्याकाळी बांधावरून कुणी भरभर चालायला लागलं, की मागून हाक येते."

"हाक?"

"थकलेल्या माणसाची. आम्ही म्हटलं, आमच्यातलीच असणार. आमचे लोक चालत आले तेव्हा बायका मागे पडल्या असतील, पुढच्यांना हाका मारल्या असतील. जुन्या मेनोर्काच्या बोलीत. ती बोली आता आमच्यात कुणालाच येत नाही, त्यामुळे अर्थ कुणाला लागत नाही."

"काय म्हणते ती?"

अनया खाली जमिनीकडे बघत होती. म्हातारीने डोळे मिटले, गाणं आठवावं तसं, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आ-हो. हा-लू. आ-हो, हा-लू ना."

रवींद्रच्या हातात सॉसची बाटली होती. ती त्याने फळीवर ठेवली. ठेवताना शेजारच्या दोन बाटल्या पडल्या. त्या उचलायचं त्याला सुचलं नाही. तो दुकानाबाहेर आला.

अनया मागोमाग धावत आली. तो भिंतीला हात टेकून उभा होता.

"ही काय चेष्टा आहे, अनया? आईची भुताची गोष्ट करून लोकांना सांगतेस? तिकीट लावून?"

"मी केली नाही रे!" तिचा आवाज फाटला. "मी शिकवलं त्यांना असं वाटतं तुला? मी इथे आले तेव्हा साधी टुरिस्ट होते. मिस पचेतींच्या टूरवर, सगळ्यांबरोबर उभी. त्यांनी असंच डोळे मिटून म्हणून दाखवलं. लोक हसले. एक माणूस म्हणाला, अलोहा म्हणतेय. आणि मी तिथेच रस्त्यावर बसले."

समोरून घोडागाडी गेली. घोड्याच्या टापा दूर गेल्यावर रवींद्रने भिंतीवरचा हात काढला.

"म्हणून तू राहिलीस इथे?"

"हो. मला वाटलं, शी इज कॉलिंग मी. रोज संध्याकाळी बांधावर जायचे. कधी काहीच नाही, कधी अगदी जवळून. आईचाच आवाज, बाबा. आजारी वगैरे नाही. जिना चढून दम लागल्यावरचा."

"मग मला आत्ता का सांगतेस? इतकी वर्षं..."

"कारण मला कळलंच नव्हतं." तिने नाक पुसलं. "माझं मराठी कसं आहे माहितीये ना तुला. गेल्या महिन्यात एक मराठी फॅमिली आली होती. त्यातल्या काकू काकांना हाक मारत होत्या, 'अहो, इकडे बघा, अहो.' आणि एकदम माझ्या लक्षात आलं. आई मला कधी 'अहो' म्हणाली? मला 'अगं' म्हणायची. 'हळू गं अनया, पडशील.' मी तीन वर्षं तिथे जाऊन बसतेय आणि ती मला बोलावतच नाहीये. ती तुला बोलावतेय."

ती रडायला लागली तसं त्याने तिला जवळ घेतलं. ती लहान असताना घ्यायचा तसं घेता आलं नाही. दोघंही अवघडून उभी राहिली.

उरलेली दुपार दोघं गावात नुसती फिरत राहिली. जुन्या दफनभूमीचं फाटक बंद होतं. गजांतून आतले वाकडे झालेले दगड दिसले. कुठे थांबली, काय पाहिलं, हे रवींद्रला नंतर नीटसं सांगता आलं नाही. सूर्य घरांमागे गेल्यावर अनया त्याला सिंहांच्या पुतळ्यांच्या पुलापाशी घेऊन आली. तिथून बांध किल्ल्यापर्यंत सरळ जात होता. खाडीचं पाणी शिशासारखं दिसत होतं. भरती होती, खालच्या दगडांवर पाणी चुबुकचुबुक आपटत होतं.

"मी इथेच थांबते," अनया म्हणाली. "तू जा. तू नेहमी चालतोस तसाच चाल."

तो निघाला. सुरुवातीला पाय जड झाले, मग सवयीने वेग आला. एक बाई कुत्रा घेऊन समोरून गेली. मग बांध मोकळा होता. आपण हे काय करतोय, असं त्याला वाटलं. हसूही आलं थोडं.

"अहो."

अगदी मागून. चार पावलांवरून. आवाजात दम होता, वैताग होता, आणि त्या वैतागाखाली असायची ती ओळखीची मायाही होती.

"अहो, हळू ना."

रवींद्र थांबला. वळून पाहावं अशी त्याला आतून ओढ वाटत होती आणि मान वळत नव्हती. वळलो आणि मागे कुणी नसलं तर, ही भीती होती. आणि कुणी असलं तर, हीसुद्धा. त्याने बांधावर हात ठेवला. दगड गार होता.

"थांबलोय," तो म्हणाला. मोठ्याने. "ये सावकाश."

मग तो चालायला लागला. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, दुसरं टाकायचं. खाडीच्या बाजूची जागा त्याने मोकळी सोडली. पुन्हा हाक आली नाही. पण तो किल्ल्यापर्यंत पोचेस्तोवर कुणीतरी बरोबरीने श्वास घेत होतं, असं त्याने नंतर अनयाला सांगितलं. पुलापाशी उभ्या असलेल्या अनयाला एवढंच दिसलं, की आपले बाबा म्हाताऱ्यासारखे हळूहळू चाललेत आणि अधूनमधून मान तिरकी करून ऐकतायत.

परत आल्यावर तिने विचारलं, "काही म्हणाली? आय मीन, माझ्याबद्दल?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. "नाही गं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो जॅक्सनव्हिलहून विमानाने घरी परतला.

एप्रिलमध्ये पार्सिपनीत घराजवळच्या तळ्याकाठची झाडं फुलली. रवींद्र आता रोज संध्याकाळी तिथे सावकाश चालायला जायचा. एका संध्याकाळी गाडी लावताना शेजारच्या शिवांगीने त्याला हटकलं. ती नागपूरची, दोन वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर आलेली. नीलांबरीला तिने कधी पाहिलेलं नव्हतं.

"काका, इंडियाहून कुणी आलंय का तुमच्याकडे?"

"नाही. का?"

"अहो, काल तळ्यावर तुमच्या मागे एक काकू होत्या ना? तुम्ही त्यांच्यासाठी थांबत थांबत चालला होतात. मला वाटलं, बहीण असेल. म्हटलं जेवायला बोलवावं दोघांना."

"बोलाव कधीतरी," रवींद्र म्हणाला आणि घरात आला. दिवा न लावता तो कितीतरी वेळ जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. भीती वाटत होती. पण घर सोडून कुठे जावं असं मात्र वाटत नव्हतं.

त्याच आठवड्यात अनयाचा फोन आला.

"बाबा, इथे आता काहीच नाहीये. तू गेल्यापासून कुणालाच ऐकू आलेलं नाही. कोळंबीवाल्यांना नाही, मिस पचेतींना नाही. मी रोज जाते." ती थांबली. "ती तुझ्याबरोबर आलीये ना?"

त्याने शिवांगीचं बोलणं तिला सांगितलं.

"घेऊन गेलास तिला," अनया म्हणाली. रागाने नाही. लहान मुलाच्या हातातलं काहीतरी काढून घेतल्यावर ते बघत राहतं, तशा आवाजात. "निदान आवाज तरी होता इथे. माझ्यासाठी नव्हता, पण होता."

"तू ये इकडे. उद्याचं तिकीट काढतो."

"आणि मला नाही ऐकू आली तर?"

त्याने बूट घातले, जॅकेट चढवलं. "थांब, फोन ठेवू नकोस," तो म्हणाला. फोन स्पीकरवर टाकून खिशात वर दिसेल असा ठेवला आणि तळ्याकडे निघाला. वाटेवर दोघे-तिघे जण कुत्री फिरवत होते, ते घरी गेले. पाणी काळं होत आलं. तो सावकाश चालत होता. फ्लोरिडात अनया फोन कानाशी घट्ट धरून बसली होती.

"बाबा, मला फक्त तुझी पावलं ऐकू येतायत."

"मलाही तेवढीच."

"मग घरी जातोस का?"

"नाही," रवींद्र म्हणाला. "तू जागी आहेस तोवर चालतो."

"मी आहे," ती म्हणाली.