दाराबाहेरची निळी बादली

कोपरीतल्या त्या घरापुढे मांडव घातला होता, ढोलकीवाले आले होते, आणि दाराबाहेर नळापाशी निळी बादली भरून ठेवलेली होती. सुनेसाठी! सून नर्स ना! ड्युटीवरून आली की चारचौघांत अंगावर पाणी घ्यायचं, मगच उंबरा ओलांडायचा. स्वच्छता म्हणता? मग घरात मोरी नव्हती का?

संचिता आज नुसती उड्या मारत आली. "प्रीतम, ऐक ना! लकवा झालेल्या बाबुरावांनी आज स्वतः चमचा धरला! सगळी डाळ सांडली, पण धरला!"

"आधी पाणी घे," नवरा पुटपुटला. "पाहुणे बघतायत."

आत नणंद मेघाली हळदीच्या पाटावर बसली होती. सासू कलावती बाहेर आली. "हळदीला हात लावू नको हां. मढी आवरतेस, परक्या बाप्यांची अंगं पुसतेस. पोरीच्या संसाराला अपशकुन नको. नोकरी सोडते म्हण, आत्ता आत ये."

"हिच्या हाताला फिनेलचा वास येतो गं!" शेजारच्या सुहासिनीकाकू खिदळल्या. बायका हसल्या.

"काकू, सकाळी तुमच्या पायाची जखम धुतली, तेव्हा नाय आला वास?"

"ते वेगळं!"

वेगळं म्हणे! फुकटची पट्टी चालते, हळद नाही चालत!

"अगं, नुसतं म्हण ना सोडते," प्रीतम कुजबुजला. "नंतर बघू."

वॉर्डात एकटीने तीसतीस पेशंट बघायचे, डॉक्टरांचं ओरडणं, नातेवाइकांच्या शिव्या. एवढं सोसूनही संचिताला तिचं काम जिवापाड आवडायचं. तो आनंद रोज या बादलीत बुडायचा.

तिने बादली उचलली. सगळं पाणी गटारात ओतलं, बादली उपडी घातली आणि दारातच तिच्यावर बसली.

"नोकरी सोडणार नाही. आंघोळ आतल्या मोरीत करीन. नाहीतर इथेच बसते, सगळ्या पाहुण्यांना दिसेन अशी."

"निर्लज्ज!" कलावती किंचाळली. "ऊठ!"

पण उठली मेघाली. हळदीची वाटी घेऊन बाहेर आली आणि वहिनीपुढे उकिडवी बसली. "पहिली हळद वहिनीच्या हातची. नाहीतर मला नकोच."

कलावतीने वाटी हिसकावली. मेघालीचे गाल हळदीवाचून कोरडेच राहिले, पण ती हलली नाही. ढोलकी थांबली. काकूंनी पट्टीचा पाय हळूच साडीखाली ओढला.

अजून दोघी तिथेच बसल्यात. तुम्ही पेपर वाचताय ना? जरा उठा, आणि तुमच्या दाराबाहेर कुणासाठी काय ठेवलंय, ते बघून या.