तेरा गावांचं भरीत

भूमिका मॅडमनी पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट डोक्यावर चढवला, तसा आठवीचा वर्ग खळखळून हसला आणि शेवटच्या बाकावर बसलेल्या कौतिक सरांच्या पोटात दुखायला लागलं.

“मी राजा. समुद्रापलीकडे राहतो,” मॅडम म्हणाल्या. “तुमची तेरा गावं माझी. यंदा भरीत पार्टी केलीत, तर निम्मी वांगी मला पाठवायची.”

“कसाले?” कोणीतरी विचारलं.

“मी राजा आहे म्हणून.”

वर्ग खवळला. पारोळ्याकडच्या पोरांना थंडीत शेतावर कपाशीच्या वाळल्या पर्‍हाट्या पेटवून वांगी भाजायची सवय. त्यातली निम्मी न दिसणाऱ्या राजाला द्यायची म्हणजे काय? मॅडमनी मुलांना त्यांच्या त्यांच्या गावाप्रमाणे बसवलं होतं. तेरा गावं, तेरा वसाहती. कोणाकडे वांगी, कोणाकडे मिरच्या, कोणाकडे नुसत्या पर्‍हाट्या. एकट्या गावाचं भरीत होणार नाही, हे पोरांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही.

कौतिक सरांच्या मांडीवर निरीक्षणाचा कागद होता आणि तो कोराच होता. खोड काढायला जागा सापडत नव्हती.

तालुक्याने यंदा आदर्श पाठासाठी विषय ठरवून दिला होता: अमेरिकेतल्या तेरा वेगळ्या वसाहतींचा एक देश कसा झाला. शाळेतून एकच पाठ जळगावला जायचा. आजवर तो कौतिक सरांचा जायचा, त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. यंदा मुख्याध्यापक प्रेमराज सरांनी दोघांचे पाठ ऐकायचे ठरवले. वर असंही सांगून टाकलं, की ज्याचा पाठ जाईल त्याच्याकडेच पुढच्या वर्षी आठवीचा इतिहास. ज्याचा राहील, त्याला पाचवीचा परिसर अभ्यास.

कौतिक सरांचा पाठ काल झाला. त्यांनी फळ्यावर तेरा वसाहतींचा किनारा एका दमात काढला. असा नकाशा काढणारा माणूस तालुक्यात दुसरा नाही, हे त्यांचे वैरीही कबूल करत. सनावळ्या तोंडपाठ. पोरांनी खाली मान घालून सगळं उतरवून घेतलं. दाराशी खुर्ची टाकून बसलेले प्रेमराज सर उठताना म्हणाले, “व्यवस्थित.” तो शब्द सरांना रात्रभर टोचत राहिला. व्यवस्थित तर शाळेचा हजेरीपटही असतो.

आज तेच प्रेमराज सर खुर्चीत पुढे सरकून बसले होते. आईबापांनी नाव कौतिक ठेवलं होतं, पण दुसऱ्याचं कौतुक करायची वेळ आली की सरांची जीभ टाळ्याला चिकटायची. आणि ही तर परवा आलेली पोरगी. दोन वर्षं झाली नाहीत नोकरीला. मुकुट घालून नाचलं की काय इतिहास शिकवला जातो? असं ते मनाशी म्हणत होते, आणि शिकवला जातोय हे समोर दिसत होतं, म्हणून जास्तच जळत होते.

तेरा गावांनी राजाला वांगी द्यायची नाहीत असं ठरवलं. मुकुट काढून टेबलावर ठेवण्यात आला. टाळ्या झाल्या.

“आता राजा गेला,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही सगळे एक. भरीत कुठे करायचं, किती वाजता, तुमचं तुम्ही ठरवा. हात वर करून मत द्या.”

खुद्द पारोळ्यातली पोरं वीस होती. त्यांनी वीस हात वर केले आणि भरीत पारोळ्यात, किल्ल्याजवळच्या मळ्यात ठरलं. वेळही त्यांचीच. तिखटही त्यांच्याच मापाने. तेवढ्यात खिडकीजवळची रोशनी आपली पिशवी उचलून बाजूला जाऊन उभी राहिली. टेकडीमागच्या वस्तीवरून ती आणि तिचा चुलतभाऊ, अशी दोघंच या वर्गात होती.

“काय झालं गं?”

“मी नही येत.”

“अगं, आपण सगळे एक झालो ना?”

“त्या वीस शेतस, आमी दोन. दर येळे त्यास्नंच व्हई. मंग आमी येईसन काय करूत?”

मॅडम हसल्या, पण नेहमीसारख्या नाही.

“पण देशासाठी सगळ्यांना एकत्र यावंच लागतं, रोशनी.”

“देश तं आजून झायाच नही, मॅडम.”

तिचं पाहून मिरच्यांचं गाव उठलं. मग आणखी एक उठलं. वांगीवाले आपली वांगी मागे घ्यायला लागले. मॅडमनी पुस्तक चाळलं. पुस्तकात एवढंच होतं, की पुढे सर्व वसाहती एकत्र आल्या. प्रेमराज सरांनी घड्याळ पाहिलं.

कौतिक सरांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. गेला पाठ. कागदावर लिहायला आता भरपूर मिळालं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, आणि तिथेच थांबले.

उत्तर त्यांना येत होतं. तिकडच्या छोट्या वसाहतीही अशाच रुसून बसल्या होत्या, मोठ्यांच्या गर्दीत आपलं काय होणार म्हणून. त्यावर तोडगा निघाला तेव्हा कुठे देश झाला. हे सरांनी कधीच वाचून ठेवलं होतं. पण कालच्या पाठात त्यांनी ‘आणि तेरा वसाहती एक झाल्या’ एवढं एक वाक्य सांगून फळा पुसला होता. कोणी काही विचारलं नव्हतं. काल काय, सत्तावीस वर्षांत त्यांच्या वर्गात असं पिशवी उचलून कोणी उभं राहिलं नव्हतं.

आता त्यांना मुकुटाचं काही वाटेना, टाळ्यांचंही नाही. हा प्रश्न मॅडमला मिळाला, मला नाही, याने त्यांचा जीव कासावीस झाला. काय करतोय हे कळायच्या आत ते उभे राहिले.

“रोशनी, तुमच्या वस्तीवर भंडाऱ्याची बैठक बसते ना? एका घरातून किती जण बसतात?”

“घरमांगे एक.”

“घरात चौदा माणसं असली तर?”

“तरीबी एकच.”

“आणि दोघंच म्हातारा-म्हातारी असली तर?”

“त्यास्नाबी एक.”

“बरं. आणि पंगतीला?”

रोशनी जराशी हसली. “पंगतले बठ्ठा येतस. जितला माणसं तितल्या पत्रावळी.”

“तिकडेही तेच केलं,” सर म्हणाले. “दोन सभा केल्या. एकीत पंगतीसारखं, माणसं जास्त त्यांची मतं जास्त. दुसरीत बैठकीसारखं, मोठी असो की छोटी, प्रत्येक वसाहतीची माणसं सारखीच. आणि दोन्ही सभा हो म्हणाल्या तरच कायदा.”

रोशनीने चुलतभावाकडे पाहिलं. मग तिने वीस पोरांकडे पाहून विचारलं, “आमी धाकला गावं नही म्हनूत तं थांबशात?”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. थांबावं लागेल, असं त्यांच्यातल्याच एकाने कबूल केलं. रोशनी पिशवी घेऊन परत येऊन बसली. मागोमाग मिरच्या आल्या, वांगी आली. भरीत किल्ल्याजवळच ठरलं, पण तिखट कमी झालं.

घंटा झाल्यावर प्रेमराज सरांनी दोघांना दाराशी थांबवलं.

“पाठ मॅडमचा पाठवू. जिवंत आहे,” ते म्हणाले. “फक्त ते शेवटचं बैठकीचं आणि पंगतीचं त्यात घाला. त्याशिवाय मजा नाही.”

“सर, ते तर तुमचं आहे,” भूमिका मॅडम कौतिक सरांना म्हणाल्या. “मी सांगेन जळगावला, तुमचं नाव घेऊन.”

“हो, हो. सांगा की,” सर म्हणाले.

आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. पुढच्या वर्षी पाचवी. नदीचे उपयोग आणि झाडाचे अवयव. मुकुट हातात घेऊन चाललेल्या मॅडमच्या पाठीकडे ते बघत राहिले, आणि तो मुकुट पुठ्ठ्याचाच आहे याचं त्यांना बरं वाटलं.

“सर.”

मागे रोशनी उभी होती.

“मोठलास्नी कसं काय ऐकं? त्या तं जास्ती व्हतात. त्यास्नी आमले सोडी देवाले पाह्यजे व्हतं.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. याचंही उत्तर त्यांना येत होतं. ते लांबलचक होतं, त्यात भांडणं होती, धमक्या होत्या, दारं-खिडक्या लावून खलबतं करत काढलेला उन्हाळा होता, आणि ते त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. तोंड उघडणार, तेवढ्यात भूमिका मॅडम व्हरांड्यात थांबून वळल्याचं त्यांना दिसलं. त्यांनी प्रश्न ऐकला होता. ऐकायला यावं की येऊ नये, अशा त्या घुटमळत उभ्या होत्या.

“चल,” सर रोशनीला हळू आवाजात म्हणाले, “तिकडे कडुनिंबाखाली बसू. तिथं सांगतो.”

आणि तिला पुढे घालून ते झपाझप मैदान ओलांडायला लागले. मॅडम अजून उभ्या आहेत हे त्यांना न बघताही कळत होतं. बोलावलं असतं तर त्या धावत आल्या असत्या. सरांनी बोलावलं नाही. हा एक प्रश्न त्यांना कोणाशी वाटून घ्यायचा नव्हता.