टपाल क्रमांक सात

"बाबा, वेळ संपली. पेन ठेवा."

दादांनी पेन ठेवलं नाही. अर्धं वाक्य पुरं केलं, मग टोपण लावून कागद मुलीकडे सरकवला. सकाळची पाळी संपवून आले तसे ते खाकी शर्टातच जेवणाच्या टेबलाशी बसले होते. मुलगी एका कंपनीत नोकरीला होती. अर्ज आणि टिपणं यांत तिचा हात बसलेला, म्हणून सुट्टीच्या दिवशी ती बापाची मास्तरीण झाली होती.

दादा अग्निशमन दलात लीडिंग फायरमन होते, सत्तावीस वर्षं. सब-ऑफिसरच्या बढतीसाठी लेखी परीक्षा होती. तिच्यात ते दोनदा आपटले होते, आणि वयाच्या अटीमुळे हा तिसरा प्रयत्न शेवटचा होता. परीक्षेत आगीबद्दल चकार शब्द नसे. बारा पत्रांचा गठ्ठा हातात द्यायचे आणि सांगायचे, समजा तुम्ही साहेब आहात, दीड तासात हे टपाल निकाली काढा. 'अ' म्हणजे आजच्या आज, 'ब' म्हणजे आठवड्याभरात, 'क' म्हणजे सवडीने. शिवाय प्रत्येकाला दोन ओळींचं उत्तर.

"हे काय लिहिलंय? 'मी स्वतः जाऊन बघतो.'"

"मग? बघायला नको?"

"साहेब जाऊन बघत नाही, बाबा. साहेब लिहितो, 'पाहणी करून अहवाल सादर करावा.'"

"आणि पाहणी कोण करतो?"

"तुमच्यासारखं कुणीतरी."

"म्हणजे फिरून मीच ना."

मुलगी हसली. दादाही थोडे हसले. पण सहाच पत्रं झाली होती, सहा शिल्लक होती. मुख्यालयाने पाठवलेली निळ्या पुठ्ठ्याची मार्गदर्शिका उघडून ती सराव तीनमधली उरलेली पत्रं मोठ्याने वाचू लागली.

"टपाल क्रमांक सात. कर्मचारी अ यांचा अर्ज. गाडी क्रमांक दोनवरच्या श्वसनसंचाच्या मास्कची झडप गळते. हे तिसऱ्यांदा कळवत आहे. कुणी गुदमरल्यावरच दुरुस्ती होणार असेल तर तसं लेखी द्यावं."

दादांचा हात कपाकडे जाता जाता थांबला. "पुन्हा वाच."

तिने वाचलं.

"ते माझं आहे," दादा म्हणाले. "कर्मचारी अ म्हणजे मी. सहा वर्षांपूर्वी मी हा अर्ज लिहिला होता, याच शब्दांत."

मुलीने घाईघाईने मागचं पान काढलं. तिथे आदर्श उत्तर छापलेलं होतं. तिने ते मनात वाचलं आणि पुस्तक मिटायला गेली. दादांनी ते तिच्या हातून घेतलं. 'प्राधान्य: क. अर्जाची भाषा अनुचित आहे. कर्मचाऱ्यास बोलावून समज द्यावी. साहित्याची गरज वार्षिक मागणीपत्रात समाविष्ट करावी.'

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, हे आगीत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला त्या दुपारी कळलं. कारण त्यांना बोलावलं होतं आणि समजही दिली होती. तेव्हाच्या स्टेशन ऑफिसरने खुर्चीवर बसायलाही न सांगता जिभेला आवर घालायला सांगितलं होतं. त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी रंगाच्या गोदामाला आग लागली. गळका संच दादांच्या वाट्याचा होता. लंबू, अठरा वर्षं त्यांच्यासोबत असलेला जोडीदार, तो संच स्वतःच्या पाठीवर चढवून मोकळा झाला आणि आपला चांगला संच त्याने दादांच्या हातात कोंबला. आत धुरात चौथ्या मिनिटाला लंबू खाली बसला. दादांनी त्याला ओढत बाहेर काढलं. जीव वाचला, फुप्फुसं गेली.

दुसऱ्या दिवशी दादा पुस्तक घेऊन कंट्रोल रूममध्ये गेले. लंबू आता तिथे फोनवर बसत असे. सहा फूट दोन इंचांचा माणूस, खुर्चीत घडी घालून ठेवल्यासारखा. त्याने पान शांतपणे वाचलं.

"किती मार्कांना आहे रे हे?"

"पाच."

"बाराशे पानांची चौकशी झाली माझी. शेवटी पाच मार्क." तो हसायला लागला, हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला थांबेपर्यंत दादा खिडकीबाहेर बघत राहिले.

"मी परीक्षेला बसत नाही," दादा म्हणाले.

"बसशील. आणि त्यांना हवं तेच लिहिशील." लंबूने दोनदा श्वास घेतला. "खुर्चीत बसल्याशिवाय कागद हलत नाही. तू साहेब झालास तर निदान एका स्टेशनातली झडप बदलली जाईल. डोकं फिरवून घेऊ नकोस."

मग दादा अभ्यासाला लागले ते इरेला पेटून. पाळीवर जेवणाच्या सुट्टीत, गाडी धुवून झाल्यावर, बाथरूमच्या रांगेत. 'संबंधितांस कळवावे', 'योग्य ती कार्यवाही करावी', 'नोंद घेण्यात आली आहे'. दात आवळून ते ही वाक्यं पाठ करत. मुलगी तपासायची आणि मार्क वाढत जायचे. एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आता अगदी साहेबासारखं लिहिता." दादांनी कागद उलटा ठेवला.

परीक्षेच्या दिवशी सभागृहात चाळीस उमेदवार होते, बहुतेक दादांपेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान. दादांनी अकरा पत्रं सव्वा तासात हातावेगळी केली. भाषा कशी, तर इस्त्री केलेली. बारावं पत्र एका ड्रायव्हरचं होतं. पाण्याच्या गाडीचा ब्रेक उतारावर धरत नाही, दोनदा सांगितलं, आता माझ्या हातून कुणी मेलं तर मला विचारू नका. खाली काय लिहायचं हे दादांना झोपेतही आलं असतं. प्राधान्य क, भाषा अनुचित. त्यांनी 'प्राधान्य' लिहिलं आणि पुढे विसर्गासारखी दोन टिंबं दिली. त्या टिंबांकडे ते पाच मिनिटं बघत राहिले. लंबूचं म्हणणं खरं होतं. मुलीने घालवलेले रविवार खरे होते. पण कुठला तरी हा ड्रायव्हर, कागदावरचा का होईना, दोनदा सांगून आता तिसऱ्यांदा सांगत होता.

'अ,' त्यांनी लिहिलं. 'गाडी आत्ताच्या आत्ता बंद ठेवतो. वर्कशॉपला मी स्वतः फोन करतो. ड्रायव्हरची भाषा योग्य आहे. त्याला याहून चांगल्या भाषेत दोनदा सांगून झालं आहे.'

दोन मार्कांनी गेले.

लंबूला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "गाढवा."

नापास झालेल्यांना अभिप्राय ऐकायला मुख्यालयात बोलावत. टेबलापलीकडे उपप्रमुख होते. सहा वर्षांपूर्वीचे स्टेशन ऑफिसर तेच, आणि निळी मार्गदर्शिकाही त्यांनीच तयार केलेली. या वेळी त्यांनी दादांना बसायला सांगितलं.

"अकरा उत्तरं उत्कृष्ट आहेत हो तुमची. बाराव्यात भावनेच्या भरात वाहून गेलात."

"साहेब, सराव तीनमधलं सातवं पत्र माझं आहे."

उपप्रमुखांनी चष्मा काढून पुसला. "नाव कुठे घातलंय आम्ही? व्यक्तिगत घेऊ नका. ते एक उदाहरण आहे."

"उदाहरण खाली कंट्रोल रूममध्ये बसतं," दादा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण टेबलावरच्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या. "फोनवर पत्ता विचारताना मध्ये दोनदा थांबतं. चाळीस पोरं तुमचं पुस्तक पाठ करून साहेब होणार. त्यांना तुम्ही शिकवताय की असा अर्ज आला तर खाली ठेवा."

"तुमचं काही म्हणणं असेल तर रीतसर लेखी द्या."

"कागद द्या."

उपप्रमुखांना हे अपेक्षित नसावं. त्यांनी कोरा कागद पुढे केला. दादांनी तिथेच बसून लिहिलं. विषय, संदर्भ, पान क्रमांक. आदर्श उत्तरामुळे जीवितास धोका संभवतो. सबब सदर उत्तर मागे घेऊन सर्व केंद्रांस तसे कळवावे. एक शब्द इकडचा तिकडे नाही, एक शब्द अनुचित नाही. उपप्रमुखांनी तो दोनदा वाचला. दोष काढायला जागा सापडली नाही, तेव्हा ते म्हणाले, "आवक विभागात द्या."

आवक विभागाच्या कारकुनाने शिक्का मारला, नंबर टाकला, पोच दिली आणि अर्ज ट्रेमधल्या गठ्ठ्याखाली सरकवला.

"झालं. या तुम्ही. कळवू."

"वर कधी जातं टपाल?"

"चार वाजता. कधी उद्या."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. दादांनी पोचपावती घडी करून खिशात ठेवली. भिंतीशी एक लाकडी बाक होतं. त्यावरच्या जुन्या फायली त्यांनी बाजूला उचलून ठेवल्या, शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि ट्रे नजरेसमोर राहील असे ताठ बसले.