धर्माचा ओवा

वेसाव्याच्या कोळीवाड्यातला धर्मा डोलकाठीखाली सापडला आणि त्याचा उजवा पाय कामातून गेला. चाळिशीही गाठली नव्हती त्यानं. बायको मंजुळा सकाळी माशांची पाटी घेऊन अंधेरीच्या बाजारात जायची आणि हा ओटीवर समुद्राकडे पाठ करून बसायचा. कुणाशी बोलायचा नाही. सदुसष्ट सालच्या सुमारास मंजुळेनं त्याला विरंगुळा म्हणून गावठी कोंबड्या आणून दिल्या.

थंडीत कोंबड्या शिंकायला लागल्या. नाकातून पाणी, डोळे मिटलेले. लहानपणी खोकला झाला की आई ओव्याच्या पानांचा रस पाजायची, ते धर्माला आठवलं. दारातल्या डब्यात भज्यांसाठी ओवा लावलेला होताच. त्यानं पानं बारीक चिरली, कोंड्यात कालवून घातली, पिण्याच्या पाण्यातही चुरगळून टाकली. हळूहळू शिंका थांबल्या.

"बघ गो मंजुळे, उठल्या!" तो म्हणाला. किती दिवसांनी तो हसला होता.

मग लोक येऊ लागले. कुणी कोंबडी काखेत घेऊन, कुणी नुसतीच पानं मागायला. धर्मानं ओट्याभोवती डबेच डबे लावले. लंगडत लोकांच्या खुराड्यांपर्यंत जाऊ लागला. शेजारची सोनूबाई तर त्याला विचारल्याशिवाय कोंबड्यांना दाणाही घालेना.

पुढच्या वर्षी कोंबड्यांना मानमोडी रोगाची लस टोचायला सरकारी माणूस वाड्यात आला. मंजुळा म्हणाली, "अवो, टोचून घ्या ना. फुकटच हाय."

"माझ्या कोंबड्यांना ओवा पुरे," धर्मा म्हणाला. "सुई कशाला?"

"सर्दीचं वेगळं, हा रोग वेगळा," तो माणूस समजावत होता. धर्मानं मान फिरवली. ते बघून सोनूबाईनंही आपल्या खुराड्याचं दार लावून घेतलं.

उन्हाळ्यात मानमोडी आली. हिरवी हगवण, लटपटणारे पाय, पाठीवर उलट्या वळलेल्या माना. धर्मा रस काढून चोचीत थेंब थेंब सोडत राहिला. त्याची बोटं हिरवी झाली. कोंबड्या मरत राहिल्या. ज्यांनी लस टोचून घेतली होती, त्यांची खुराडी भरलेली राहिली.

सोनूबाईचं खुराडं रिकामं झालं, तेव्हा ती ओट्यापाशी येऊन उभी राहिली.

"तुझ्या भरवशावर र्‍हायले रे धर्मा," ती एवढंच म्हणाली. त्यानंतर ती त्याच्या दारावरून गेली, तरी मान वर करून बघायची नाही.

पानं मागायला कुणी आलं नाही. धर्मानं डब्यांना पाणी घालणं सोडलं.

एक तांबडी कोंबडी तेवढी वाचली, पण तिची मान वाकडीच राहिली. टिपायला गेली की चोच दाण्याच्या बाजूला पडायची. मंजुळेनं एकदा विळी काढली. "हाल कशाला करता तिचं? अंडंही घालत नाय."

"र्‍हाऊ दे."

"दुसरी पिल्लं आणू. या खेपेला सुई टोचू."

"नको गो."

मंजुळेनं विळी परत ठेवली. त्या दिवसापासून सकाळी पाटी डोक्यावर घेऊन ती निघायची तेव्हा तो ओटीवर कोंबडी मांडीवर घेऊन बसलेला असायचा. एका हातानं तिची मान सरळ धरायचा, दुसऱ्या हातानं भाताचं एकेक शीत तिच्या चोचीत घालायचा.