डाव्या अंगठ्याची सेफ्टी

त्या रविवारी मी चर्च सुटायच्या वेळेला डॅडच्या घरी पोचले, तेव्हा त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल पसरून त्यावर रायफल आडवी ठेवली होती. तिच्या चेंबरमध्ये, गोळी बसते त्या जागी, पिवळी प्लास्टिकची पट्टी खोचलेली होती. रायफल रिकामी आहे हे लांबूनही दिसावं म्हणून नेमबाजीच्या क्लबातले सगळेच रेंजवर ही पट्टी खोचतात. डॅड ती घरातही खोचायचा, कपाटात ठेवलेल्या रायफलीतही. आई होती तेव्हा एका थँक्सगिव्हिंगला तिनं टर्कीत तशीच पट्टी खोचून ती टेबलावर आणली होती. त्यावर सगळ्यात जास्त डॅडच हसला होता.

मार्च संपत आला होता. कुरणात बर्फाची मळकट ठिगळं उरली होती आणि गाई विण्याचे दिवस होते. डॅड रात्रभर गोठ्यात जागा असावा, कारण दाढी वाढली होती आणि शर्टाची बटणं वरखाली लागली होती. मी बटणांवरून त्याला चिडवलं. तो म्हणाला, आज पोप येणार आहे असं कुणी मला कळवलं नव्हतं.

ही सेमी-ऑटोमॅटिक रायफल त्यानं साधीसुधी विकत घेतली होती आणि मग वर्षानुवर्षं तिचे बारके बारके भाग बदलत आला होता. चाप बदलला, नेमाची माशी बदलली, दस्ता बदलला. काढलेला प्रत्येक भाग तो कॉफीच्या डब्यात जपून ठेवायचा. क्लबातला त्याचा दोस्त डेल्मर म्हणायचा की आता त्या डब्यातच एक अख्खी रायफल आहे आणि ती एल्डनच्या, म्हणजे डॅडच्या, हातातल्या रायफलीपेक्षा सरळ मारेल.

या हिवाळ्यात मात्र त्याचे सगळे बदल एकाच दिशेनं चालले होते. आधी बोल्ट मागे खेचायची मूठ आली, कोणत्याही हातानं ओढता येणारी. मग मॅगझिन सोडायचं बटण, डाव्या बोटाला लागेल असं. आणि आता सेफ्टीची, चाप अडवून धरणारी कळ. मूळ कळ उजव्या अंगठ्यासाठी एकाच बाजूला असते. ही नवी दोन्ही बाजूंना होती.

आमच्या घरात डावखुरी मी एकटीच. बारा वर्षांची असताना त्यानं मला रेंजवर नेलं होतं. रायफल गोळीची रिकामी पुंगळी उजवीकडे फेकते, म्हणजे डावखुऱ्या माणसाच्या तोंडासमोरून. एक तापलेली पुंगळी माझ्या कॉलरमध्ये शिरली. गळ्याच्या हाडावर तिचा नखाएवढा डाग अजून आहे. डॅडनं तेव्हा माझ्या गळ्यावर मूठभर बर्फ दाबून धरला होता आणि परत येताना पूर्ण रस्ता एका हातानं गाडी चालवली होती.

म्हणून नाताळानंतर त्यानं ती पहिली मूठ मागवली आणि म्हणाला, "सिग, जग काही डावखुऱ्यांसाठी बनवलेलं नाही. निदान एक रायफल तरी असू दे," तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. तीस वर्षं मनात ठेवलेली गोष्ट तो आता करत होता. तुला चालेल ना, असं त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. रायफलीच्या बाबतीत मी त्याला नेहमी हो म्हणत आले.

तेव्हापासून दर रविवारी तो मला रिकामी रायफल खांद्याला लावायला सांगायचा. गाल कुठे टेकतो, कोपर कुठे जातं, उजवा डोळा मिटतो की उघडा राहतो. मग माझ्या हातातून घेऊन स्वतः तसंच धरून बघायचा, पुन्हा पुन्हा, आणि म्हणायचा की तुम्ही लोक जेवता तरी कसे हे मला कळत नाही.

सेफ्टीच्या कळीखाली एक बारीकशी पिन असते आणि तिच्यामागे तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी स्प्रिंग. ती दाबून धरताना निसटली की गेलीच. म्हणून शहाणा माणूस दोन्ही हात एका पारदर्शक पिशवीत घालून हे काम करतो. उडाली तरी पिशवीतच राहते. हा नियम डॅडनं अख्ख्या क्लबाला शिकवला होता. पिशवी न घेता बसणाऱ्याला तो त्याच्या आईवरून बोलायचा.

त्या दिवशी मी पिशवी घेऊन आले तर तो म्हणाला, राहू दे. इतकी वर्षं करतोय. तू फक्त वरून बोट ठेव.

स्प्रिंग उडाली. दिव्यात एकदा चमकली आणि गेली. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून फरशी धुंडाळत होतो. स्टोव्हखाली झाडू घातला, कुत्र्याचं अंथरूण झटकलं, चुंबक बांधलेली काठी फिरवली. एक पेपरक्लिप आणि आईची हेअरपिन निघाली. हेअरपिन त्यानं शर्टाच्या खिशात ठेवली.

"जाऊ दे," तो उठताना टेबलाचा आधार घेत म्हणाला. "नवी मागवतो. गुरुवारपर्यंत येईल. पुढच्या रविवारी बसवू. तू पाई भाजून आण, रूबार्बच्या आंबट देठांची. आणि यावेळी साखर घाल. वाचनालयात नोकरी करणाऱ्या तुम्हा बायकांना साखर माहीत नसते."

तो डाव्या हातानं कॉफी पीत होता. तेही मला दिसलं होतं. मला वाटलं, माझी नक्कल करतोय.

सोमवारी सकाळी डेल्मर चाऱ्याच्या गोण्या द्यायला गेला तेव्हा त्याला डॅड गोठ्याच्या दारात पडलेला सापडला. शेजारी नुकतंच जन्मलेलं वासरू उभं होतं. हेलिकॉप्टरनं डॅडला बिलिंग्जच्या मोठ्या इस्पितळात नेलं आणि मी पिकअप घेऊन मागोमाग गेले. वाटेत कुठे थांबले, काही खाल्लं का, हे मला आठवत नाही.

डॉक्टर तरुण बाई होती, आवाज हळू ठेवून बोलणारी. मेंदूच्या डाव्या बाजूला मोठा झटका बसला होता आणि सूज वाढत होती. उजवं अंग गेलं होतं. वाचा गेली होती. श्वास यंत्र देत होतं. तिनं मला पडद्यावर चित्र दाखवलं आणि विचारलं, उजवा हात कधीपासून कमजोर होता?

मी म्हटलं, आज सकाळपासून.

तिनं चित्रातल्या दोन-तीन लहान डागांवर बोट ठेवलं. हे जुने आहेत, म्हणाली. काही महिन्यांपूर्वीचे. वस्तू हातातून पडणं, बटणं लावायला त्रास, असं काही तुमच्या लक्षात आलं होतं का?

शर्टाची बटणं माझ्या डोळ्यांसमोर आली.

डेल्मर संध्याकाळी पोचला. टोपी हातात धरून तो बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीच्या काठावर बसला, आणि मी काही विचारायच्या आतच त्यानं सांगायला सुरुवात केली. नाताळाच्या आदल्या आठवड्यात डॅडच्या हातातून रेंजवर रायफल खाली पडली होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. चाप ओढायला बोट वळत नव्हतं. पुढच्या शनिवारी त्यानं डाव्या खांद्याला रायफल लावली. स्वतःच्या निशाणावर नाही तर शेजारच्याच्या निशाणावर गोळ्या मारल्या. क्लबात सगळ्यांना सांगितलं की रायफल सिग्नेसाठी, म्हणजे माझ्यासाठी, तयार करतोय, म्हणून डावीकडून चालवून बघतोय.

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"त्यानं शपथ घातली होती. म्हणाला, सिगला कळलं तर ती पिकअपची किल्ली काढून घेईल आणि मला गावात वृद्धाश्रमातल्या गालिचा असलेल्या खोलीत नेऊन ठेवेल. मग माझ्या गाई कोण बाळंत करणार, तू?" डेल्मरनं टोपी गुडघ्यावर ठेवली. "मी म्हटलं, एल्डन, डावखुरं होणं या वयात जमायचं नाही. तर म्हणाला, शिकवणारी दर रविवारी घरी येते. फुकट."

मी उठून खिडकीशी गेले. खाली गाड्यांच्या काचांवर बर्फ भुरभुरत होता. गाल कुठे टेकतो. कोपर कुठे जातं. पिशवी राहू दे. पिशवीत दोन हात घालावे लागतात, आणि त्याच्याकडे एकच उरला होता. हिवाळाभर तो माझ्यासमोर बसून मला विचारत होता आणि मी खूश होऊन दाखवत होते.

पुढचे दिवस मी त्याच्या पलंगाशी बसून काढले. पुस्तकांतली माणसं मरण्याआधी काहीतरी बोलतात. मी आयुष्यभर अशी पानं वाचत आले होते आणि डॅडच्या तोंडात नळी होती. मी त्याला हाका मारल्या. वासराबद्दल सांगितलं, ते उठून दूध प्यायलं हे सांगितलं. डेल्मर त्याला बाटलीनं पाजतो आणि दर वेळी शिव्या घालतो हेही. डोळे उघडले नाहीत. फक्त डावा अंगठा मधूनच हलायचा, वरून खाली, थोडासा. नर्स म्हणाली तो स्नायूंचा आपोआप होणारा हिसका आहे. मला ती सेफ्टीची कळ दिसत होती.

आई गेली तेव्हा डॅडनं मला स्वच्छ सांगितलं होतं: मला यंत्रावर ठेवायचं नाही, एक दिवसही. डॉक्टरनं मला बाजूला घेतलं तेव्हा मी ते तिला सांगितलं. मग लगेच म्हटलं, पण रविवारपर्यंत थांबा.

तिनं विचारलं, रविवारी कुणी यायचं आहे का?

मी म्हटलं, हो.

ती म्हणाली, थांबू शकतो, पण तो परत येणार नाही. जे गेलं आहे त्यातलं काहीही रविवारी परत मिळणार नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे, तरी थांबा. माझा आवाज वाढला असावा, कारण डेल्मर दारात येऊन उभा राहिला होता.

"पोरी, कोण यायचंय?" त्यानं नंतर हळूच विचारलं.

मी सांगितलं, स्प्रिंग यायची आहे. गुरुवारी पोस्टानं येईल. तुम्ही ती घरून आणा आणि रायफलही आणा. मी ती इथे बसवीन आणि त्याच्या हातात देईन. तो अंगठ्यानं ती कळ दाबून बघेल. तोवर कुणी काही करायचं नाही.

इस्पितळात रायफल येऊ देत नाहीत, एवढंच डेल्मर म्हणाला. मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मी झटकून टाकला.

गुरुवारी सकाळी नर्सनं मला डॅडच्या कपड्यांची पिशवी आणून दिली. सोमवारी कापून काढलेले कपडे. माझ्याकडे दुसरं काही करायला नव्हतं म्हणून मी एकेक काढून घड्या घालायला लागले. शर्टाच्या खिशात आईची हेअरपिन होती. जीन्स तीच होती, रविवारची. गाई विण्याच्या दिवसांत तो कपडे बदलायचा नाही. पायाशी तो नेहमी दुमड घालायचा. त्या दुमडीत गवताच्या काड्या होत्या, शेण होतं. मी ती सोडवून झटकली, आणि चादरीवर काहीतरी बारीक पडलं.

स्प्रिंग होती.

ज्याच्याकडून उडते त्याच्या दुमडीत आधी बघायचं, हेही त्यानंच अख्ख्या क्लबाला शिकवलं होतं.

मी ती तळहातावर घेऊन बसले. तिला वजनच नव्हतं. आता रविवारची वाट बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी डेल्मरला म्हटलं, डॉक्टरना बोलवा. तो काही न विचारता गेला.

मी खुर्ची डावीकडे ओढली, स्प्रिंग डॅडच्या डाव्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं माझ्या बोटांनी मिटली. अंगठा हलला, वरून खाली. बाहेर पावलं वाजत होती. मी वाकून त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"सापडली, डॅड. तुझ्याच दुमडीत होती," मी म्हटलं. "रायफल तू माझ्यासाठी बदलत नव्हतास, मला कळलंय. ठीक आहे. मला ती नकोच होती. मला रायफल कधीच आवडली नाही, बारा वर्षांची होते तेव्हापासून नाही. मी दर रविवारी तुझ्याजवळ बसायला यायचे."