खांद्यावरची हळद

मित्रांनो, मी एक पांढरी उंदरीण आहे. अमरावतीच्या एका प्रयोगशाळेत, भुशाच्या पेटीत माझा जन्म झाला. शेत, बीळ, मांजर यांतलं मी काहीच पाहिलेलं नाही.

लहान असताना मला मुद्दाम उंदरांचा हिवताप दिला गेला. त्याचे परजीवी रक्तातल्या तांबड्या पेशींत शिरतात आणि त्या फोडतात. माझे कान पांढरे पडले, अंग गार झालं. सोबतचे बहुतेक उंदीर मेले. मी जगले. संशोधक नीलमताईंनी माझ्या खांद्यावर पिवळा ठिपका दिला. आजारातून बरी झालेली, ही त्याची खूण. मग मला आईजवळ ठेवलं. तिला फक्त पिल्लांसाठी पाळलं होतं. हा आजार तिला कधीच झाला नव्हता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी नीलमताई वलगावला घरी गेल्या. वऱ्हाडात त्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतात. आमची देखभाल करणाऱ्या भगवंतकाकांनी वाटीत हळद-तूप आणलं.

“बैल राबतेत, मंग तुमी का कमी राबता?” म्हणत त्यांनी आईला उचलून तिच्या खांद्याला हळद-तूप लावलं. “बुढे, किती लेकरं देल्ले तुवा! आज आवतन घे, उद्या जेवाले ये.”

तूप आम्ही चाटून टाकलं. आईच्या खांद्यावर पिवळा डाग राहिला.

पोळा झाल्यावर ताईंनी पिवळ्या खांद्यांच्या सगळ्या उंदरांना तोच आजार पुन्हा टोचला, या वेळी जास्त. एकदा सोसलेलं शरीर त्याला ओळखतं का, हे त्यांना पाहायचं होतं. माझ्या शरीरानं ओळखलं. मला काही झालं नाही. आईचे कान पांढरे पडत गेले.

सूक्ष्मदर्शकावरून मान वर करत ताई म्हणाल्या, “काका, हिचं रक्त परजीवींनी भरून गेलंय. ही तर बरी झालेली ना?”

काका जवळ आले. “मॅडम, थे तं बुढी हाय. तिले हळद म्याच लावली होती.”

“काहून लावली, काका?”

“सन होता ना, मॅडम.”

ताईंनी औषध दिलं. उशीर झाला होता. आईच्या दुधावर मी वाढले. माझ्या रक्तातलं बळ तिला द्यायला मला वाट नव्हती. मी तिच्यावर अंग टाकून पडून राहिले. ती गार होत गेली.

प्रयोग संपला की मलाही मारतील आणि माझी प्लीहा, रक्त गाळणारा पोटातला अवयव, काढून तपासतील.

मित्रांनो, मुक्या जिवांवर माया करा. पण हात लावण्याआधी त्यांच्याविषयी ज्याला ठाऊक आहे त्याला विचारा. ‘हा आजार मला कधी झालेला नाही,’ एवढंच आईनं ताईंना सांगायला हवं होतं. ते तिला सांगता आलं नाही.