परतीच्या वाऱ्यातला ठेका

शनिवारी सकाळी विजापूर रस्त्यावर मल्लप्पाच्या मांड्यांनी हात टेकले, आणि एकट्या त्याच्याच नव्हे. त्याच्या पुढे रेश्मा, तिच्या पुढे एजाज, सगळ्यांत पुढे युवराज. चौघांच्याही सायकली अशा चालल्या होत्या की शेजारून कडब्याची बैलगाडी गेली असती तर गाडीवानानं थांबून विचारलं असतं, बसता का म्हणून.

हौशी सायकलवाल्यांची ती दोन दिवसांची सांघिक शर्यत. चौघांनी एकत्र सुटायचं, ठरलेल्या गावाला वळसा घालायचा आणि सोलापूरला परत यायचं. वेळ धरायची ती चौथ्याच्या चाकावर. म्हणजे तिघं वाऱ्यासारखे आले आणि चौथा मागं राहिला, तर त्या वाऱ्याचा उपयोग शून्य. दोन्ही दिवसांची वेळ मिळून पहिले तीन संघ राज्याच्या स्पर्धेला जाणार. भवानी पेठेचा हा संघ तीन वर्षं त्या उंबऱ्यापर्यंत येऊन माघारी फिरला होता. यंदा वळसा घालेपर्यंत सगळ्यांत पुढे होता, आणि शेवटची रेघ ओलांडली तेव्हा सहावा.

चूक मल्लप्पाची होती. तो स्वतःच ते सांगत होता, दुसऱ्या कुणाला सांगावं लागलं नाही.

मल्लप्पा चादरींच्या कारखान्यात यंत्रमाग दुरुस्त करायचा. पण पेठेत त्याची ओळख शिवयोगीबुवांचा मृदंगी म्हणून. बुवा कीर्तनाला उभे राहिले की मागं मृदंग मल्लप्पाचा, हे ठरलेलं. रेश्मा दवाखान्यात रक्त तपासायची आणि संध्याकाळी त्याच कीर्तनात टाळ धरायची. माढ्याकडचा युवराज नोकरीसाठी सोलापुरात आला, एकटा खोलीवर काय करायचं म्हणून देवळात येऊन बसला आणि टाळकरी झाला. राहिला एजाज. सात रस्ता चौकाजवळ त्याचं गॅरेज. तो टाळ धरत नसे, पण या तिघांबरोबर इतकी वर्षं सायकल मारून त्यांचा ठेका त्याच्या पायात उतरला होता.

ठेका म्हणजे असं. सायकलींच्या रांगेत पुढचा वारा अंगावर घेतो, मागच्यांना आडोसा मिळतो. पुढच्यानं किती वेळ राबायचं नि कधी बाजूला होऊन शेपटाला यायचं, हे दुसरे संघ घड्याळावर ठरवतात. यांचा हिशेब भजनाचा. मल्लप्पा तोंडानं भजनी ठेका धरणार, त्या लयीत चौघांचे पाय फिरणार, ठरलेली आवर्तनं झाली की तो "हां!" म्हणणार आणि पुढचा बाजूला सरणार. बाहेरचे हसायचे. पण रांग अशी चालायची की बघणाऱ्याला वाटावं, एकाच अंगाला आठ चाकं फुटलीत.

आता भजनाची एक खोड असते. ते सुरू होतं संथ आणि शेवट जवळ आला की चढतं. टाळ जलद होतात, मृदंग दुगुणीत जातो, माणसं उभी राहतात. कुणी कुणाला सांगत नाही. सगळ्यांच्या हातांना ते ठाऊक असतं. शनिवारी वळसा घातला, तोंड घराकडे झालं आणि मल्लप्पाच्या जिभेला वाटलं, भजन संपायला आलं. ठेका चढला. पाय चढले. चौघंही मोठ्या आनंदात सुटले. आणि सोलापूर अजून भरपूर लांब असताना चौघांचीही हवा गेली.

"काका, आता ठेका बंद," युवराज पाण्याची बाटली डोक्यावर रिकामी करत म्हणाला. "उद्या मीटर बघून जायचं. आकडा कधी येडा होत न्हाय."

"बरोबर आहे तुझं," मल्लप्पा म्हणाला. "मी उद्या बसतोच घरी. माझ्या जागी..."

"बसतो म्हणे!" रेश्मा कडाडली. "चौथं चाक काय तुमच्या कारखान्यातनं विणून आणू का? आणि चढला ठेका तेव्हा आमच्यापैकी कोण बोललं? मी तर खुशीत होते. मला वाटलं आता काय, गुलालच."

"मय समझा तुम सोचकेच बढाये," एजाज म्हणाला. "क्या मस्त भागरे थे चाचा! मरे सो बाद में."

मल्लप्पाला हसू आलं नाही. राज्याला जायची हाव त्यालाही होतीच, पण आतून त्याला वेगळंच काही खात होतं. आयुष्यभर ज्या लयीवर त्यानं जीव टाकला, तिनंच चौघांना खड्ड्यात घातलं होतं. उद्याही तसंच झालं तर पुन्हा कुणाला माझ्या मागं चला म्हणायला तोंड राहणार नव्हतं.

संध्याकाळी पेठेतल्या देवळात कीर्तन होतं. मल्लप्पा मृदंग घेऊन बसला तो मनाशी गाठ बांधूनच: आज लय चढू द्यायची नाही. बुवांनी पूर्वरंग रंगवला, गजर सुरू झाला. टाळ चढायला लागले. मल्लप्पानं हात आवरला. टाळ पुढे, मृदंग मागे, अशी फरफट सुरू झाली.

बुवांनी वळून पाहिलं. "मृदंगाला आज उपास आहे का रे मल्लप्पा? फराळाचं काही आणू?"

सगळं देऊळ हसलं. मल्लप्पा घामाघूम झाला. त्यानं दात आवळून हात धरून ठेवायला पाहिलं, पण समोर एवढी माणसं नामात बुडालेली, त्यांच्या टाळ्या, त्यांचा आवाज, आणि गाईकडे वासरू सुटावं तसा त्याचा हात सुटला. त्याला कळून चुकलं की हे एकट्यानं आवरायचं काम नाही.

तेवढ्यात बुवांनी उजवा हात वर केला.

नुसता हात वर. टाळ जागच्या जागी थबकले, मृदंगावरचा हात थबकला, त्या शांततेत समईची वात हलली तेही दिसलं. मग बुवांनी अगदी खालून, पहिल्यापासून, संथ सूर लावला आणि सगळं देऊळ पहिल्यापासून, संथ, त्यांच्या मागं निघालं. आता दमलोय, आता चढलोय, असलं काही कुणाच्या अंगात उरलं नव्हतं. जणू आत्ताच येऊन बसलेत.

मल्लप्पानं हे हजार वेळा पाहिलं होतं. आज त्याच्या अंगावर काटा आला.

रविवारी सकाळी अक्कलकोट रस्त्याला सुटायच्या रांगेत उभं असताना त्यानं तिघांना सांगितलं. "ठेका मी धरतो. तो चढणार. मला आवरणार नाही, खोटं कशाला बोलू? चढला की पुढच्यानं हात वर करायचा. हात वर झाला की नवं भजन. पहिल्यापासून, संथ, ठायलयीत."

"पुढचा म्हंजे कोन?" युवराजनं विचारलं.

"जो पुढं असेल तो. वारा ज्याच्या अंगावर तो बुवा. बाकीचे टाळकरी."

"मेरे कू बुवा बनाते क्या चाचा?" एजाज हेल्मेटचा पट्टा आवळत म्हणाला. "घर में मेरी बीवी झीनत हसके मरेगी."

"एजाजभाई, गॅरेजमधलं तुमचं कीर्तन आम्ही रोज ऐकतोच की," रेश्मा म्हणाली.

युवराज हसला नाही. "एक डाव बघू काका. पर माझे पाय लई चांगले असले तर मी कशाला हात वर करू? सांगून ठिवतो."

तेही खरंच होतं. पाय त्याचे, हात त्याचा.

जाताना वारा पाठीला होता. एजाजनं दोनदा हात वर केला, रेश्मानं एकदा, आणि प्रत्येक वेळी ठेका घरंगळणाऱ्या भांड्यासारखा खाली येऊन पुन्हा नीट बसला. वळसा घातला आणि वारा तोंडावर आला. असा आला की बाजूच्या रानातली ज्वारी पार आडवी झाली होती. काढणीच्या बायका विळे धरून उभ्या राहिल्या. एक म्हातारी दोन्ही हात हलवत कन्नडमध्ये ओरडली, "बिडब्याड्री! बिडब्याड्री!" घरी कन्नडच बोलणाऱ्या मल्लप्पाला वाटलं, आईच म्हणतेय, सोडू नका रे.

मग ते झालं, ज्याची त्याला धास्ती होती. लांबवर धुरकट सोलापूर दिसलं, पाण्याची टाकी दिसली, आणि जीभ पळाली. मल्लप्पाला स्वतःचा ठेका चढताना ऐकू येत होता आणि थांबवता येत नव्हता. त्यातच समोर, फर्लांगभर पुढे, त्यांच्या आधी सुटलेला एक संघ दिसायला लागला होता. दमलेला, रांग मोडलेली, हात लांबवला तर धरता येईल असा.

पुढं होता युवराज.

मल्लप्पानं त्याची पाठ पाहिली. जवान पाठ, घामानं चकाकणारी. खांदे खाली गेले, मान पुढं झाली. उडी घ्यायच्या आधी मांजर दबतं तसा तो दबला. हा आता सुटला तर रेश्मा कदाचित टिकेल, एजाज टिकेल, मी टिकणार नाही. आणि वेळ माझ्या चाकावर आहे. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, पण तोंडात ठेका होता, आणि ठेका सोडून ओरडायला श्वास नव्हता.

विठ्ठला, तो मनात म्हणाला, पुढं तू हो.

युवराजचा हात हँडलवरून निघाला. क्षणभर नुसता हवेत, काय करावं न कळल्यासारखा. मग सरळ वर गेला. पंजा उघडा.

ठेका थांबला. चाकांची सळसळ तेवढी राहिली. पुढचा संघ चार हात आणखी लांब गेला, आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मग खालून, अगदी पहिल्यापासून, संथ लय आली आणि चौघांचे पाय तिच्यात असे उतरले जसं दमलेलं माणूस नदीत उतरतं.

त्यानंतरचं मल्लप्पाला नीट सांगता येत नाही. वारा होता, पण तो आता अंगाला लागत नव्हता. कुणीतरी मधे उभं होतं. युवराज बाजूला सरला, एजाज पुढं आला; एजाज सरला, रेश्मा पुढं आली; मग त्याची स्वतःची पाळी आली आणि वाऱ्याच्या तोंडी जाताना त्याला भीती वाटली नाही. पुढचा कोण, मागचा कोण, हे वेगळं राहिलंच नव्हतं. आपले पाय कुठले आणि रेश्माचे कुठले, तेही नाही. दमलेला संघ कधी मागं पडला कळलं नाही; त्याला गाठायला कुणी वेग वाढवलाच नव्हता. रस्त्याकडेचं चिंचेचं झाड आलं नि गेलं, गुऱ्हाळाचा गोड वास आला नि गेला, आणि प्रत्येक गोष्ट अशी दिसत होती, जणू देवाच्या मूर्तीवरचा पडदा नुकताच दूर झालाय. मल्लप्पाच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. वाऱ्यानं असतील.

रेघ चौघांनी एकामागोमाग एक, हातभर अंतरानं ओलांडली.

भोंग्यावर नावं पुकारायला वेळ लागला. तोवर चौघं लिंबाच्या सावलीत जमिनीवर पसरले होते. मग भोंगा खरखरला आणि दोन्ही दिवस मिळून भवानी पेठेचा संघ तिसरा असल्याचं सांगून पुन्हा खरखरला. रेश्मानं तोंडावर दोन्ही हात घेतले. एजाज उठून झीनतला फोन लावायला लागला, पण नंबर काही लागेना.

युवराज मल्लप्पाच्या शेजारी येऊन बसला. बुटाची फीत उगाच सोडली, पुन्हा बांधली.

"काका, माझे पाय आज लई चांगले होते."

"दिसत होतं रे."

"तरी हात वर गेला. मी केला असं न्हाय म्हनता येत. गेला." तो थांबला. "पर एक सांगतो. त्याच्यानंतर तुमी काय ठेका धरला! इतका ठाय, इतका गोड. मी तुमाला उगीच बोललो काल."

मल्लप्पा उठून बसला.

"मी?" तो म्हणाला. "अरे, तुझा हात वर गेला आणि माझा घसा कोरडा पडला. त्यानंतर शब्द फुटला नाही तोंडातून. रेश्मा धरत होती ठेका."

"मी नाही," रेश्मा हात खाली घेत म्हणाली. "मला श्वास पुरत नव्हता. मी समजले एजाजभाई."

एजाजनं फोन खाली केला. "मेरे कू वो ठेका धरना आता क्या? मय तो सुनरा था. पीछे से आरा था, साफ."

"मागनं न्हाय," युवराज म्हणाला. "पुढनं. मी मागं होतो तवा पुढनं येत होता."

चौघंही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले. रस्त्यावर अजून एकेक संघ येत होता, माणसं टाळ्या वाजवत होती. मल्लप्पानं उजव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर पडला होता, आणि त्याची बोटं अजून हलत होती, संथ, एका लयीत.

त्यानं दुसरा हात त्या हातावर ठेवला नाही. हलू दिला.